पक्षितपस्वी डॉ. सलीम अली

पक्षिशास्त्र हा शब्द उच्चारताच ज्यांचे नाव सहजपणे ओठांवर येते, ते डॉ. सलीम अली आपल्या मुंबईचे होते. त्यातही ते गिरगावाला लागून असलेल्या खेतवाडीचे होते, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. ज्या गल्ल्यांतून आपण रोज महाविद्यालयाकडे धावतो, त्याच परिसरात हा मुलगा वाढला. त्याच्याजवळ ना मोठी पदवी होती, ना सुरुवातीला पोटापुरती नोकरी. तरीही नव्वद वर्षांच्या आयुष्यात त्याने एका देशाला आपल्या पक्ष्यांची ओळख करून दिली. एवढेच नव्हे, तर पक्षी जगवायचा असेल तर आधी त्याचे पाणी, त्याचा चिखल आणि त्याचे गवत जगवावे लागते, हेही त्याने राज्यकर्त्यांना पटवले. आज शिवडीच्या खाडीवर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांकडे पाहताना या माणसाचे चरित्र नव्याने समजून घेण्याची गरज वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे होते तेव्हा वडील गेले आणि तिसऱ्या वर्षी आईचेही छत्र हरपले. या पोरक्या भावंडांना मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी आपल्या पंखाखाली घेतले. मामा-मामींना मूलबाळ नव्हते. खेतवाडीतील ते मध्यमवर्गीय घर भाच्यांनी भरून गेले. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी आणि स्वातंत्र्यलढ्यातील अब्बास तय्यबजी हे याच घराण्यातले. लहानग्या सलीमचे प्राथमिक शिक्षण गिरगावातील मुलींच्या एका मिशन शाळेत बहिणींबरोबर झाले आणि पुढे तो सेंट झेवियर्स शाळेत गेला. अभ्यासात मात्र त्याने काही दिवे लावले नाहीत. डोकेदुखीच्या विकाराने त्याला मधूनच शाळा सोडून हवापालटासाठी सिंधमध्ये नातलगांकडे जावे लागले. १९१३ साली तो मॅट्रिकची परीक्षा जेमतेम पास झाला.

परंतु या मुलाची खरी शाळा निराळीच होती. मामा पट्टीचे शिकारी. सुटीत सारे कुटुंब चेंबूरला जाई. आज ज्या चेंबूरचे नाव घेताच कारखान्यांची धुराडी आठवतात, ते चेंबूर तेव्हा झाडाझुडपांत दडलेले एक खेडे होते. मामांनी दिलेली छर्‍याची खेळण्यातली बंदूक घेऊन सलीम तिथे चिमण्यांच्या मागे हिंडे. तबेल्याच्या भिंतीत एका चिमणीचे घरटे होते. मादी आत अंडी उबवीत होती आणि नर बाहेर पहारा देत होता. सलीमने नर टिपला. थोड्याच वेळात दुसरा नर येऊन त्याच जागी बसला. तोही टिपला, तर तिसरा हजर. सात दिवसांत असे आठ नर त्याने पाडले आणि घडलेली हकीकत वहीत लिहून ठेवली. आज हे वाचताना मन कळवळते. पण त्या काळी चिमण्या मारणे हा मुलांचा खेळच होता आणि पाडलेला पक्षी स्वयंपाकघरात जाई. नवल त्या बंदुकीचे नाही, नवल वहीचे आहे. नऊ-दहा वर्षांचे पोर शिकार करते आणि तिची नोंद ठेवते, ही गोष्टच निराळी. बंदूक पुढे हळूहळू मागे पडत गेली, वही मात्र अखेरपर्यंत सुटली नाही.

अशाच एका चिमणीने त्याच्या आयुष्याला वळण दिले. पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. नेहमीची चिमणी ती नव्हे. मग ती खाणे धर्माला चालेल की नाही? शंका घेऊन भाचा मामांकडे गेला. मामांनाही पक्षी ओळखता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी संस्थेचे मानद चिटणीस मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. इंग्रज साहेबाला भेटायचे म्हणून घाबरत, हातात कागदाची पुडी धरून, सलीम फोर्टातल्या अपोलो स्ट्रीटवर पोचला. मिलार्ड साहेबांनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी लगेच ओळखली. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्या मुलाला दाखवले, वाचायला पुस्तके दिली आणि पक्ष्यांची कातडी सोलून टिकवण्याची कला शिकवण्याची सोयही करून दिली. एका वडीलधाऱ्या माणसाने एका अनोळखी पोराची शंका गंभीरपणे घेतली, एवढेच काय ते घडले. पण त्यातून एक शास्त्रज्ञ घडला. अध्यापकवर्गाने हा प्रसंग अवश्य ध्यानी ठेवावा, असे आम्हा विद्यार्थ्यांना नम्रपणे सुचवावेसे वाटते!

या संस्थेविषयी दोन शब्द येथे सांगितले पाहिजेत. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ निसर्गप्रेमी मुंबईकरांनी ती स्थापन केली. त्यांत सहा युरोपियन होते आणि दोन भारतीय : प्रार्थनासमाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन. पहिल्या बैठका भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयात, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात झाल्या. पुढे संस्थेने फिप्सन नावाच्या मद्यव्यापाऱ्याच्या पेढीत बिऱ्हाड केले. मद्याच्या पेट्या आणि पेंढा भरलेले प्राणी एकाच छपराखाली नांदत! सलीम अलींचे सारे आयुष्य पुढे याच संस्थेशी बांधले गेले.

कॉलेजचा पहिला प्रयत्न फसला. १९१४ साली सलीम ब्रह्मदेशात तव्हॉयला भावाच्या खाण आणि लाकूड व्यवसायात मदत करायला गेला. व्यवसायापेक्षा भोवतालची घनदाट अरण्येच त्याला अधिक मोहवीत. १९१७ साली तो मुंबईला परतला आणि दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबनीसी शिकू लागला. त्याचा ओढा ओळखून सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या फादर ब्लॅटर यांनी त्याला प्राणिशास्त्राच्या वर्गाला बसण्याची गळ घातली. एकाच दिवशी आधी जमाखर्च आणि मग जीवशास्त्र, असा दुहेरी अभ्यास सुरू झाला. १९१८ च्या डिसेंबरात तहमीना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ब्रह्मदेशातला धंदा पुढे बुडालाच. सरकारच्या प्राणिशास्त्रीय सर्वेक्षण खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा होती. पण पदवी नाही म्हणून ती मिळाली नाही. पक्ष्यांविषयी इतके जाणणारा माणूस एका कागदाच्या अभावी दाराबाहेर राहिला. आपल्या परीक्षापद्धतीवर याहून बोलके भाष्य दुसरे कोणते असणार?

१९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या नव्या निसर्गविभागात त्यांना मार्गदर्शक व्याख्याता म्हणून दरमहा ३५० रुपयांवर नोकरी लागली. काम असे, की पाहायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना काचेआडचे प्राणी-पक्षी समजावून सांगायचे. दोन वर्षांतच त्यांना आपल्या अपुऱ्या ज्ञानाची टोचणी लागली आणि रजा घेऊन ते १९२८ साली जर्मनीला गेले. बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात प्राध्यापक श्ट्रेझेमान यांनी त्यांना शिष्य म्हणून स्वीकारले. इंग्लंडकडून न मिळालेली आपुलकी त्यांना येथे मिळाली. जर्मनीच्या उत्तरेस समुद्रात हेल्गोलँड नावाचे बेट आहे. स्थलांतर करणारे पक्षी पकडून त्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घालण्याचे शास्त्र त्यांनी तिथे पाहिले. हेच शास्त्र पुढे भारतात मोठ्या प्रमाणावर रुजवण्याचे श्रेय त्यांचेच. परंतु १९३० साली नवी विद्या घेऊन ते मायदेशी परतले, तो काय? पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. वय ३३, पदरी संसार आणि हातात काहीच नाही.

दुसरा कोणी असता तर कुठल्या तरी पेढीत हिशेबनीस होऊन मोकळा झाला असता. शिक्षणही त्याचेच झाले होते. सलीम अली मात्र तहमीना बेगमसह अलिबागेजवळ किहीमला जाऊन राहिले. खर्च कमी, समुद्र जवळ आणि घराशेजारच्या झाडावर सुगरणींची वसाहत! पावसाळाभर ते आडोशाला बसून त्या घरट्यांकडे पाहत राहिले. सुगरण पक्ष्याचे घरटे कोकणात कोणी पाहिले नाही? पण त्याचा संसार कसा चालतो, हे शास्त्राला तोवर नीट ठाऊक नव्हते. सलीम अलींनी दाखवून दिले, की घरटे नर विणतो आणि तेही अर्धेच. मग माद्या येतात, घर पारखून घेतात. पसंत पडले तर मादी मुक्काम करते आणि नर उरलेले घर पुरे करतो. ती अंड्यांवर बसली, की हा गृहस्थ दुसरे घर विणायला घेतो आणि दुसरीची वाट पाहतो. हा निबंध प्रसिद्ध झाला आणि जगाच्या पक्षिशास्त्रात त्यांचे नाव झाले. बेकारीतल्या एका पावसाळ्याने जे दिले ते म्युझियमच्या नोकरीने दिले नव्हते.

यानंतरची वर्षे भटकंतीची. हैदराबाद संस्थान, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांच्या पक्ष्यांची पाहणी त्यांनी हाती घेतली. मोबदला फारसा मागायचा नाही. प्रवासखर्च आणि राहण्याची सोय झाली की पुरे. बैलगाडी, तंबू, कंदील आणि वही. या साऱ्या प्रवासात तहमीना बेगम त्यांच्यासोबत असत. विलायतेत काही काळ वाढलेल्या या बाईंनी रानातला संसार आनंदाने केला. १९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा मृत्यू झाला. सलीम अलींना अपत्य नव्हते आणि त्यांनी पुन्हा लग्नही केले नाही. पाली हिलला बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांच्या घरी ते राहू लागले आणि दुःख कामात बुडवले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. सामान्य माणसाला खिडकीतून दिसणारा पक्षी ओळखता यावा, हा त्यामागचा हेतू. तुरुंगात असताना पंडित नेहरूंनी ते इंदिरेसाठी पाठवले आणि त्या वाचनातून इंदिरा गांधींना पक्ष्यांची गोडी लागली. पुढे या ओळखीचा उपयोग सलीम अलींनी स्वतःसाठी कधीच केला नाही, पक्ष्यांसाठी मात्र पुरेपूर केला.

आता आपण ज्यांना शिवडीत पाहतो, त्या रोहित पक्ष्यांकडे वळू. कच्छच्या महारावांच्या निमंत्रणावरून सलीम अलींनी तेथील पक्ष्यांची पाहणी केली आणि १९४५ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी उंटावरून मोठे रण तुडवीत ते रोहितांच्या वसाहतीपर्यंत पोचले. दृष्टी पोचेल तेथवर उथळ खारे पाणी आणि त्यात चिखलाच्या बुटक्या ढिगांवर लाखोंच्या संख्येने बसलेले पक्षी. प्रत्येक ढिगाच्या माथ्यावर खोलगट वाटी आणि तिच्यात अंडे. सलीम अलींनी नोंदवलेली महत्त्वाची गोष्ट ही, की हे सारे शहर पावसावर उभे असते. पाणी पुरेसे साठले तर पक्षी घरटी करतात. पाऊस रुसला तर त्या वर्षी वसाहत भरतच नाही. पक्षी कितीही बळकट असो, त्याची दोरी पाण्याच्या हाती असते, हे येथे उघड दिसत होते.

हीच गोष्ट स्वातंत्र्यानंतर भरतपूरला कसोटीला लागली. राजस्थानातील भरतपूर शहराजवळ केवलादेव घना नावाची सुमारे २९ चौरस किलोमीटरची पाणथळ जागा आहे. अजान बांधाचे पाणी तिथे सोडले जाते. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदके आणि हंस, पावसाळ्यात घरटी करणारे चित्रबलाक, बगळे आणि पाणकावळे यांनी ती गजबजून जाते. भरतपूरच्या महाराजांनी मात्र ती बदकांच्या शिकारीसाठी राखली होती. बड्या पाहुण्यांनी किती पक्षी पाडले याचे आकडे तिथे दगडावर कोरून ठेवले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवशी, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी भरवलेल्या शिकारीत, ४,२७३ पक्षी पडले. योगायोग असा, की तो दिवस सलीम अलींच्या बेचाळिसाव्या वाढदिवसाचा होता.

संस्थाने विलीन झाली तेव्हा भोवतालच्या शेतकऱ्यांनी मागणी केली, की राजेसाहेबांच्या चैनीचे हे तळे आता आटवावे आणि जमीन कसायला द्यावी. मागणी चुकीची म्हणता येणार नाही. देशात अन्नधान्याची टंचाई होती आणि बंदूक मिरवणाऱ्यांच्या तळ्याविषयी गोरगरिबाला ममता का वाटावी? सलीम अली अशा वेळी मध्ये पडले. हे पाणी गेले तर येथील पक्ष्यांना जवळपास दुसरे पाणी नाही आणि हिमालयापलीकडून येणाऱ्या थव्यांच्या वाटेवरचा एक मुक्काम कायमचा पुसला जाईल, हे त्यांनी थेट पंडित नेहरूंपर्यंत पोचवले. तळे राहिले. १९५६ साली ते पक्षी अभयारण्य झाले. १९८१ साली रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत आणि १९८५ साली जागतिक वारशाच्या यादीत त्याला स्थान मिळाले.

भरतपूरलाच त्यांनी पक्ष्यांना कडी घालण्याचे काम जोमाने चालवले. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा भागात क्यासनूर जंगलाचा ताप उद्भवला होता. उत्तरेकडून येणारे पक्षी त्याचे जंतू आणतात की काय, असा संशय होता. त्या निमित्ताने जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य मिळाले आणि हजारो पक्षी जाळ्यात धरून, कडी घालून सोडले गेले. कड्यावर क्रमांक आणि मुंबईच्या संस्थेला कळवण्याची सूचना. मग दूरदेशची पत्रे येऊ लागली. भरतपूरला कडे घातलेले बदक सायबेरियात सापडले, मध्य आशियात सापडले. नकाशावरच्या सरहद्दी ओलांडून पक्ष्यांच्या वाटा उमटू लागल्या. पुढे या कामी अमेरिकी लष्कराच्या संशोधन विभागाचा पैसा आल्यामुळे संसदेत आणि वृत्तपत्रांत वादळही उठले. सलीम अलींना त्याचा मनस्ताप झाला. पण वह्यांतल्या नोंदी पक्ष्यांच्याच होत्या आणि त्या आजही उपयोगी पडतात. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांचे रक्षण कोणा एका गावाला, एका देशाला करता येत नाही. थव्याच्या वाटेवरचा एक जरी मुक्काम बुजला तरी सारी वाट तुटते. या कड्यांनी ते सिद्ध केले.

येथपर्यंतची कथा यशाची झाली. परंतु थोरांचे चरित्र लिहिताना अडचणीचे पान चिकटवून टाकणे योग्य नव्हे. भरतपूर राष्ट्रीय उद्यान झाल्यावर तेथील गुरेचराई बंद करावी, असे सलीम अलींचे आणि इतर तज्ज्ञांचे मत पडले. पिढ्यान्पिढ्या म्हशी तिथे चरत आलेल्या. १९८२ च्या नोव्हेंबरात बंदी अमलात आली, ग्रामस्थ आणि पोलीस यांच्यात चकमक झाली, गोळीबार झाला आणि काही माणसे प्राणास मुकली. आणि पुढे काय दिसले? सलीम अलींच्याच संस्थेच्या संशोधकांनी १९८० पासून तिथे दहा वर्षे निरीक्षण केले होते. त्यांना आढळले, की म्हशी गेल्या तसे पाण्यातले गवत अनावर माजले, उघडे पाणी झाकले गेले आणि अनेक पाणपक्ष्यांना चरायला जागा उरेना. म्हशी शत्रू नव्हत्या. त्या तळ्याच्या बिनपगारी माळीण होत्या. हा निष्कर्ष पक्का झाला तेव्हा सलीम अली हयात नव्हते. सायबेरियन क्रौंचही या तळ्यावर २००२ नंतर पुन्हा दिसले नाहीत. त्याला मात्र वाटेतल्या देशांतील शिकार आणि युद्धे अशी आणखीही कारणे आहेत.

या प्रसंगाने सलीम अलींचे मोठेपण उणे होते काय? आमच्या मते नाही. उलट त्यांनी जी शिस्त घालून दिली, तिचा कस येथे लागला. पाहा, मोजा, लिहा आणि मग बोला, हा त्यांचा रिवाज. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी गुरूच्या मताला धक्का बसेल म्हणून नोंदी लपवल्या नाहीत. जी वही चेंबूरच्या तबेल्यात सुरू झाली होती, तिने अखेर आपल्या धन्याचेही मत खोडून काढले. शास्त्राची परंपरा म्हणजे याहून वेगळे काय असते? आणि भोवतालच्या माणसांना विचारात न घेता तळे राखता येत नाही, हा दुसरा धडाही त्या नोंदींनीच दिला. तो धडा मात्र फार महाग पडला.

त्यांच्या इतर कार्याचा उल्लेख थोडक्यात करतो. अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला भारत-पाकिस्तानातील पक्ष्यांचा दहा खंडांचा महाग्रंथ १९७४ साली पूर्ण झाला, तेव्हा सलीम अली ७७ वर्षांचे होते. स्वातंत्र्यानंतर पैशाअभावी मोडकळीस आलेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी त्यांनी सावरून धरली. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण आणि १९८५ साली राज्यसभेचे सदस्यत्व त्यांना मिळाले. ज्याला पदवी नाही म्हणून नोकरी नाकारली गेली, त्याला तीन विद्यापीठांनी सन्माननीय डॉक्टरेट दिली! १९७६ साली मिळालेल्या गेटी पारितोषिकाची ५० हजार डॉलरची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीला देऊन टाकली. केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य धरणात बुडू नये म्हणूनही त्यांनी आपले वजन खर्ची घातले. आपल्या महाराष्ट्रातील नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमधमेश्वरची त्यांनी भरतपूरशी तुलना केली होती असे सांगतात. ती जागा २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ झाली. देहाने किरकोळ, स्वभावाने काटेकोर, वेळेचे पक्के आणि घोरणाऱ्या सोबत्यांवर विलक्षण चिडणारे असे हे गृहस्थ २० जून १९८७ रोजी मुंबईत निवर्तले.

ते गेल्यावर काही वर्षांनी, साधारण १९९४ च्या सुमारास, एक नवल घडले. शिवडीच्या चिखलात हजारोंनी रोहित पक्षी उतरू लागले. ज्या कच्छच्या रणात सलीम अली उंटावरून गेले होते, तिकडचेच हे पाहुणे, जणू त्यांच्या जन्मगावी भेटीला आले. शिवडी काही दूर नाही. परळ-लालबागहून पायी निघाले तरी पाऊण तासात तिथे पोचता येते. हार्बर मार्गावरचे स्थानक ओलांडून पूर्वेकडे गेले, की गोदामे, जुन्या बोटींच्या दुरुस्तीचा धक्का आणि त्यापुढे ओहोटीला उघडा पडणारा चिखल. नाकाला रुमाल लावून आपण ज्याला घाण म्हणतो, त्याच चिखलात शेवाळ आणि बारीक जीव असतात. रोहित मान खाली घालून, वाकडी चोच उलटी धरून ते गाळून खातो आणि त्याच अन्नातून त्याच्या पंखांना गुलाबी रंग चढतो. त्याच्या पायाशी तुतवार, चिखल्या असे लहानसे पाहुणे उत्तरेकडून हजारो मैल उडून आलेले असतात. तिवरांच्या रानाला आणि चिखलाला बाजारात किंमत नसते. म्हणून आपण त्याला पडीक समजतो. आपली मुंबईच मुळी अशा खाजणांत भराव टाकून उभी राहिली आहे. वरळीची खिंड बुजवून तिने सात बेटांचे एक बेट केले. त्यामुळे आणखी थोडा भराव टाकायला तिचे मन कचरत नाही.

सुदैवाने सारेच हातचे गेलेले नाही. २०१५ साली ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरांचा भाग रोहितांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण शिवडीचा चिखल त्या अभयारण्याच्या हद्दीत येत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला न्हावा शेव्याचा सागरी सेतू याच शिवडीतून निघतो. पक्ष्यांना त्रास होऊ नये म्हणून त्यावर आवाज अडवणाऱ्या भिंती बसवल्या आहेत. पूल नको होता, असे म्हणणे सोपे आहे. लाखो माणसांना तो हवा होता. आणि पुलाने काही बिघडले नाही, असे म्हणणेही तितकेच सोपे आहे. दोन्ही गोष्टी वहीवाचून बोलल्या जातात. दरवर्षी हिवाळ्यात किती पक्षी आले, कुठे बसले, केव्हा उडाले, याची नोंद असेल तरच उद्या या चिखलाची बाजू कोणी मांडू शकेल.

सलीम अलींना कसला मंत्र सापडला होता अशातला भाग नाही. एका पोराने एक चिमणी पाहिली, तिच्याविषयी विचारले आणि उत्तर लिहून ठेवले. आपण कला शाखेचे विद्यार्थी. आपल्याला पक्षिशास्त्र कुठून येणार, असे कोणी म्हणेल. सलीम अलींनाही ते कॉलेजच्या पदवीने आले नव्हते. नोव्हेंबर ते मे हा पाहुण्यांचा मोसम. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून एका रविवारी सकाळी शिवडीच्या धक्क्यावर जावे, एक दुर्बीण चौघांत वापरावी, दिसेल ते मोजावे आणि तारीख घालून लिहावे. पुढच्या वर्षीच्या तुकडीने तेथून पुढे लिहावे. आपल्या महाविद्यालयात अशी एक वही सुरू झाली, तर खेतवाडीच्या या थोर शेजाऱ्याचे ते खरे स्मारक ठरेल.